पाऊण इंच

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर गोल दालनाची भिंत नारिंगी दिसायला हवी होती. ती दिसली पट्ट्यापट्ट्यांची. प्रत्येक उभ्या खांबाच्या कडेला वरून खालपर्यंत एक निळी रेघ उतरली होती.

"काका, जरा इकडे येता?" इंजिनीअर बाईंनी हाक मारली.

सूतकाका आले. अंगात जाड तपकिरी स्वेटर, कानामागे पेन्सिल, कमरेला मोजायची पट्टी. बाहेर तोंडातून वाफ निघावी अशी थंडी होती आणि आत कालपासून दोन मोठे हीटर घुरघुरत होते. ऊब कुठून पळते ते या कॅमेऱ्याला दिसतं. जिथे ऊब टिकते ते नारिंगी, जिथून निसटते ते निळं. काकांनी पडद्यात पाहिलं, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं.

"यंत्र बिघडलंय तुमचं," ते म्हणाले.

बाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी काकांचा हात हलकेच धरला आणि एका निळ्या रेघेच्या जागी भिंतीवर टेकवला. गार. चार बोटं पलीकडे नेला. उबदार. पुन्हा गार.

काकांचा चेहरा उतरला.

शहराचं नवं सार्वजनिक वाचनालय उभं राहत होतं आणि हे गोल दालन होतं मुलांचं. भिंतीला लागून बैठक होणार होती. मुलं भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून वाचणार होती. भिंतीच्या पोटात खांबाखांबांमधल्या गाळ्यांत लोकर भरायचं काम काकांकडे होतं. ही लोकर मेंढीची नव्हे, वितळवलेल्या दगडाची. तिचे गादीसारखे जाड तुकडे येतात, तेच इमारतीला थंडीत उबदार आणि उन्हाळ्यात गार ठेवतात. त्यावर प्लास्टिकचा जाड पडदा, त्यावर भिंत झाकणारा बोर्ड. एकदा बोर्ड लागला की आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

बाईंनी प्लास्टिकच्या पडद्याची एक कड सोडवली. "काढून बघा एक."

काकांनी लोकरीला नुसता हात लावला, तर आख्खा तुकडा मागितल्यासारखा हातात आला. नीट बसलेली लोकर अशी येत नाही. तिला ओढावं लागतं, ती कुरकुरते, खांबाला धरून बसते. ही तर वाटच बघत असल्यासारखी बाहेर आली. वरच्या बाजूलाही ती खाली बसून दोन बोटांची फट पडली होती.

"बहात्तर गाळे आहेत," बाई म्हणाल्या. "बोर्डवाले शुक्रवारी सकाळी येणार. आज सोमवार. तुमच्याच्यानं होणार नसेल तर आत्ताच सांगा काका, मला दुसरी जोडी बोलवावी लागेल. तुमच्या कामाला मी आजवर कधी कॅमेरा लावला नव्हता हो. हे तर मला अगदी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. तेवढा त्यांचा चांगुलपणा.

आता सूतकाकांना सूतकाका का म्हणत, ते सांगायला हवं. सुतार लोक इंचाचे आठ भाग करतात, त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. काकांनी कापलेला तुकडा सांगितलेल्या मापापेक्षा एका सुतानंही इकडेतिकडे होत नसे. सव्वीस वर्षांत झाला नव्हता. त्यांची लांब दातेरी सुरी लोकरीतून अशी फिरे, की बघणाऱ्यानं हातातलं काम विसरावं. या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. बाकी माणूस साधा.

आणि त्या सव्वीस वर्षांत माप सांगायला होती त्यांची बायको.

दोघांची जोडी होती. ती गाळ्यासमोर उभी राहायची, पट्टी लावायची आणि आकडा सांगायची. हे पंधरा पावलांवर आपल्या पाटापाशी बसून कापायचे. तुकडा हाती दिला की ती बसवायची. पहिला तुकडा बसवण्याआधी रिकाम्या गाळ्यावर तळवा ठेवून ती क्षणभर डोळे मिटे. "काय पुटपुटतेस?" असं काकांनी एकदा विचारलं होतं. "इथं जो कुणी बसेल त्याला सुखी ठेव म्हणते," ती म्हणाली होती, आणि पट्टी लावून लगेच आकडा सांगितला होता. तिचा आवाज मोठा नव्हता, पण कितीही ठोकाठोक चालू असली तरी काकांना तो बरोबर ऐकू यायचा. साइटवरचे सगळे तिला मावशी म्हणत.

आठ महिन्यांपूर्वी तिची आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती निघाली माहेरी. इथून सात तासांचा रस्ता. उन्हाळा तोंडावर होता. जाण्याआधी तिने पांघरुणं, स्वेटर सगळं धुऊन, वाळवून पेटीत ठेवलं. बॅगेची चेन लावत होती तेव्हा काका दारात उभे राहून म्हणाले होते, "जा, निवांत राहा. इथं तुझ्यावाचून काही अडत नाही."

बोलले ते मायेनंच. तिच्या जिवाला घोर नको म्हणून. पण तिचा हात चेनवर थांबला होता, ते त्यांनी पाहिलं. त्याचा अर्थ मात्र त्यांना लागला नव्हता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन.

"जेवलात?"

"आत्ता बसतोय. आई कशा आहेत?"

"बऱ्या. काम?"

"चाललंय."

"अडत नाही ना काही?"

"छे! काही अडत नाही."

रोज हेच. शब्दसुद्धा हेच. आई आता काठी धरून अंगणापर्यंत येते, हे महिन्यापूर्वी फोनवर आलं होतं. पण 'मी आले की' असं ती कधी म्हणाली नाही, आणि 'तू आलीस की' असं यांच्याही तोंडून निघालं नाही. फोन ठेवल्यावर काका दोन ताटल्या काढत, एक परत मांडणीत ठेवत.

मधले महिने काम सरळ खोल्यांचं होतं. तिथे सगळे गाळे एकसारखे, कारखान्यातून आलेले तुकडे तसेच बसतात, कापायचं नाही. गोल दालन आलं आणि प्रत्येक गाळा वेगळ्या मापाचा निघाला. तेव्हा बाईंनी काकांना जोडीदार दिला. काकांच्याच वयाचा, अनुभवी, हात चांगला. पण तोंड असं, की सगळे त्याला रेडिओ म्हणत.

"माझं माप चुकलं असेल तर मिशी काढीन," निळ्या रेघांचं ऐकून रेडिओनं सांगून टाकलं.

"तुला मिशी कुठाय?"

"म्हणूनच तर बोललो."

दोघांनी ताळा पाहिला. गाळा साडेबावीस. रेडिओनं सांगितलेला आकडा साडेबावीस. काकांनी कापलेला तुकडा साडेबावीस, सुताचाही फरक नाही. दुसरा गाळा, तिसरा गाळा, तीच गत. सगळं बरोबर आणि भिंत चूक. काकांनी लोकरीला दोष दिला, कारखान्याला दिला, हवेला दिला. मग दोष द्यायला काही उरलं नाही.

"असं करू," रेडिओ म्हणाला, "उरलेल्या लोकरीच्या चिंध्या करू आणि फटींत कोंबू. कॅमेऱ्याला काय कळतंय!"

"कॅमेऱ्याला नाही कळणार. पाठ टेकून बसेल त्याला कळेल."

"तो काय तुम्हाला ओळखणारे?"

"नाही ना. म्हणूनच."

रेडिओनं हातातली लोकर खाली ठेवली.

दुपारच्या सुट्टीत काका एकटेच इमारतीत हिंडले आणि जिन्याखाली येऊन थांबले. ही भिंत बायको जाण्याआधी दोघांनी केलेली. वायरिंगवाल्यांचं काहीतरी राहिलं होतं म्हणून बोर्ड अजून लागला नव्हता. जिन्याच्या उतारामुळे इथलेही गाळे लहानमोठे. एक वायर मधून गेली होती. तिच्याभोवती लोकर दाबलेली नव्हती, पुस्तक उघडावं तशी मधोमध चिरून वायरीच्या मागेपुढे बसवलेली होती. ते काम तिचंच. काकांनी पडदा सोडवून भिंतीला तळवा लावला. उबदार नव्हती ती, या बाजूला हीटर कुठला! पण लोकर कशी भरल्या अंगाची, घट्ट, खांबाला चिकटून. बोट घालायला जागा नाही.

त्यांनी गाळ्याला पट्टी लावली. एकवीस.

मग तुकडा ओढला. येईना. दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा कुरकुरत बाहेर आला, आणि आल्या आल्या जरा फुगला. त्यांनी जमिनीवर पसरून त्याला पट्टी लावली.

पावणेबावीस.

काकांनी पट्टी झटकली, पुन्हा लावली. पावणेबावीस. शेजारचा गाळा साडेएकोणीस, त्यातला तुकडा सव्वावीस. त्याच्या पलीकडचा मोजायची हिंमत होईना, तरी मोजला. पाऊण इंच जास्त. प्रत्येक ठिकाणी पाऊण इंच. आणि खांबावर पेन्सिलीनं तिच्या अक्षरात आकडे लिहिलेले होते, तिने सांगितलेले. पावणेबावीस. सव्वावीस.

सूतकाका तिथेच, जिन्याखाली, लोकरीच्या गठ्ठ्यावर बसले. हातातली पट्टी आपोआप गुंडाळली गेली. त्यांनी कापलेलं सव्वीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं, ते खरंच होतं. पण बरोबर जे होतं, ते तिच्या आवाजात होतं.

दुपारी दीडला त्यांनी फोन लावला.

"अहो, काय झालं?" ती घाबरूनच बोलली. "बरं आहे ना? पडलात का कुठं?"

"मी कशाला पडतोय! तू... तू माप जास्त सांगत होतीस?"

"कुठलं माप?" ती म्हणाली.

"जिन्याखालची भिंत उघडली आज," काका म्हणाले. "पाऊण इंच. सगळीकडे."

"मग? पाऊण इंच तर लागतोच. लोकर दाबून बसली पाहिजे, तरच धरून राहते. नेमकी कापली तर चार दिवसांत बसकण मारते."

"हे तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं." ती हसली, पण आवाज न करता, तिचं असं हसणं काकांना फोनवरही कळायचं. "पहिल्याच कामावर. दवाखान्याची इमारत होती बघा. मी म्हटलं, थोडं वाढवून कापा. तर तुम्ही चार माणसांदेखत म्हणालात, सुरी माझ्या हातात आहे, तू फक्त आकडा सांग."

काकांना ते आठवेना. मग आठवलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मग मी फक्त आकडा सांगितला," ती म्हणाली.

"सव्वीस वर्षं?"

"तुमचा हात एवढा सुंदर चालायचा. कशाला मोडता घाला?"

काकांना खूप काही बोलायचं होतं. तेवढ्यात रेडिओ जिन्यापाशी येऊन उभा राहिला, हातात चहाचे दोन पेले घेऊन.

"चला," ती तिकडून म्हणाली, जरा हळू, "आता तुम्हाला कळलं. आता माझ्यावाचून काही अडायचं नाही."

"नाही," काका म्हणाले. सवयीनं. आणि फोन ठेवल्यावर हातातल्या फोनकडे असं बघत राहिले, की जणू त्यानंच ते उत्तर दिलं होतं.

"मावशी काय म्हणाल्या?" रेडिओनं विचारलं.

"मी गाढव आहे म्हणाली."

"असं म्हणाल्या?"

"नाही रे. ती कशाला म्हणेल?"

त्यांनी चहा घेतला आणि उठून थेट इंजिनीअर बाईंकडे गेले. चूक माझी आहे, म्हणाले. माप रेडिओनं बरोबर सांगितलं, मी वाढवायला हवं होतं, वाढवलं नाही. आख्खी भिंत उपसतो. दुसरी जोडी बोलवू नका. बाईंनी कारण विचारलं तेव्हा काकांनी सगळं सांगून टाकलं, आकड्यासकट. त्या म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन येते."

मग भिंत उपसायला घेतली. आधी पडदा सोडवून गुंडाळला, मग प्रत्येक तुकड्यावर आणि प्रत्येक गाळ्यावर खडूनं माप लिहिलं. काकांच्या लक्षात आलं की लोकर टाकून द्यायचं कारण नाही. गोल भिंतीत गाळे लहानमोठे. मोठ्या गाळ्यातला तुकडा पाऊण इंच लहान गाळ्यात नेला की अगदी हवा तसा दाबून बसतो. बहात्तर गाळ्यांचे तुकडे असे एकमेकांच्या घरी पाठवले. नवे कापायला लागले ते फक्त मोठ्या गाळ्यांसाठी. पाइपामागे जिथे लोकर चेपून कोंबली होती, तिथे काकांनी ती स्वतः मधोमध चिरली, पुस्तकासारखी. पहिल्यांदा वेडीवाकडी चिरली गेली. दुसऱ्यांदा बरी. तिच्यासारखी शेवटपर्यंत नाही.

"साडेबावीस!" रेडिओ ओरडे. "सव्वातेवीस म्हणून सांगू का? मावशींसारखं?"

"तू खरं काय ते सांग. वाढवायचं मी बघतो."

"मी वाढवून सांगितलं तर काय बिघडलं?"

"तुझा आवाज वेगळा आहे," काका म्हणाले. रेडिओला वाटलं, घसा बसल्याबद्दल बोलतायत. तो मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून आला.

काम पुढे सरकत होतं, तसं काकांना आत कुठेतरी रिकामं वाटत होतं. एकेक गाळा भरे, लोकर घट्ट धरून बसे, आणि काकांना वाटे, हेही आता आपल्याला येतं. पाऊण इंच वाढवायचं, एवढंच तर होतं. एवढं आलं की झालं, माणसाची जागा भरली. दोन दिवसांत सव्वीस वर्षांची गरज संपते की काय! संध्याकाळचे फोन नेहमीसारखेच झाले. "अडत नाही ना काही?" या प्रश्नाला त्यांनी मंगळवारी उत्तर दिलंच नाही, खोकल्याचं निमित्त केलं. बुधवारी म्हणाले, "बघू." आईला औषध द्यायचंय म्हणून तिने फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी बाईंनी कॅमेरा भिंतीवरून फिरवला. नारिंगी. दारापासून वळणापर्यंत नारिंगी, वळणापासून खिडकीपर्यंत नारिंगी, एकही रेघ नाही. रेडिओनं शिट्टी वाजवली. मग कॅमेरा खिडकीच्या कडेला आला आणि पडद्यावर एक आख्खा उभा निळा पट्टा उमटला.

"हा गाळा रिकामाच आहे?" बाईंनी विचारलं.

"त्याचं माप यायचंय," काका म्हणाले.

"माप तर मी काल..." रेडिओ बोलू लागला. बाईंनी त्याच्या दंडाला धरून त्याला चहा प्यायला बाहेर नेलं. समजूतदार बाई.

काकांनी फोन लावला. सकाळचे साडेआठ.

"अहो! आता काय झालं?"

"एक गाळा राहिलाय. खिडकीजवळचा. सव्वातेवीस भरतोय. किती कापू?"

"आता तुम्हाला येतंय की."

"येतंय. एकाहत्तर केले. हा नाही येत."

"काहीतरीच! त्यात काय वेगळं आहे?"

काकांनी रिकाम्या गाळ्यावर तळवा ठेवला. पलीकडे बाहेरची थंडी होती, ती थेट हाताला लागली. चार माणसांदेखत बोललेलं परत घ्यायला सव्वीस वर्षं लागली होती. दारातून बोललेलं परत घ्यायला आठ महिने.

"अडलंय," ते म्हणाले. "तुझ्यावाचून अडलंय. मी तेव्हा चुकीचं बोललो होतो. तेव्हाही अडणारच होतं."

फोनमधून तिच्या आईच्या काठीचा ठकठक आवाज आला, लांब गेला. मग तिचा आवाज आला. मोठा नाही. पण बाहेर कुणीतरी ड्रिल चालवत होतं तरी काकांना तो बरोबर ऐकू आला.

"चोवीस."

काकांनी फोन खिडकीच्या चौकटीत उभा ठेवला. पाटापाशी जाऊन पट्टी लावली, सुरी घेतली, कापला. चोवीस, सुताचाही फरक नाही. मग गाळ्यासमोर उभं राहून, इकडेतिकडे बघून, क्षणभर डोळे मिटले आणि तुकडा दाबून बसवला. कुरकुरत बसला.

"बसला?" फोनमधून तिने विचारलं.

"बसला."

"हात लावून बघा. गार लागतंय?"

"भिंतीला नाही," काका म्हणाले.

ड्रिलचा आवाज थांबला. काकांना वाटलं, फोन बंद पडला.

"तपकिरी स्वेटर पेटीत अगदी खाली ठेवलाय," ती म्हणाली. "सापडला का तुम्हाला?"

अंगातल्या त्याच स्वेटरच्या बाहीवर लोकरीची धूळ बसली होती. जन्मभर एका सुताचाही फरक न केलेल्या माणसानं ती हळूच झटकली.

"नाही," ते म्हणाले. "कुठं सापडतोय!"

"राहू द्या मग. उचकापाचक करू नका," ती म्हणाली. "मी आले की काढून देते."